फोकसला टोपडं

९ नोव्हेंबर, शनिवार

रात्री दोन वाजता आमच्या घरी सकाळ झाली.

न्हाणीतल्या पाण्याच्या आवाजाने मी जागी झाले. आमचे हे, म्हणजे माणिकप्पा, थंड पाण्याने अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसलेले. पूजा आटोपली, धुतलेला सदरा अंगात चढवला आणि म्हणाले, "रुद्राणी, न्याहारी वाढ. सौदा निघायची वेळ झाली." मोंढ्यातलं, म्हणजे धान्याच्या बाजारातलं, आमचं आडत दुकान विकून सहा वर्षं झाली. मी म्हटलं, "अहो, दोन वाजलेत." त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. "मग हे काय? उजाडलंय की."

त्यांचं काय चुकलं? उजाडलेलंच होतं. शेजारच्या व्यंकटने दिवाळीला घराच्या गच्चीच्या कडेला एक फोकस ठोकला आहे, क्रिकेटच्या मैदानावर शोभेल असला. त्याच्या अंगणात पडायचं सोडून तो उजेड कुंपणावरून उडी मारून थेट आमच्या झोपायच्या खोलीत येतो. भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरं चष्म्याशिवाय वाचता येतात.

मागच्या आठवड्यात हे असेच पूजा करून फाटक उघडून चालू लागले. मोंढ्याच्या वाटेवर दूधवाल्याने ओळखलं आणि गाडीवर बसवून परत आणलं. मी ते अमरनाथला सांगायला नको होतं. तेव्हापासून पुण्याहून लेकाचा रोज फोन. "आई, बाबा परत एकदा जरी बाहेर गेले, तरी मी गाडी घेऊन येतो आणि तुम्हा दोघांना इकडे आणतो. फार तर येळवशीच्या अमावास्येपर्यंत थांबेन." पुण्याला, नवव्या मजल्यावर! ज्या माणसाला लातूरचा प्रत्येक दगड ओळखतो, त्याला लिफ्टची बटणं दाबायला न्यायचं. तिथे हे सहा महिनेसुद्धा काढणार नाहीत. मला हे दिसतं. मुलाला दिसत नाही.

डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या तपासण्या करून घेऊ. डॉक्टर माझ्या भाच्याएवढा. झोप मोडली की कोणाचंही डोकं चालत नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सारा जन्म रात्रपाळ्या केलेल्या बाईला हे कोणी शिकवू नये. फोकस गेला की झोप लागेल, झोप लागली की डोकं ठिकाणावर येईल, डोकं ठिकाणावर आलं की पुणं टळेल. तेव्हा फोकस जाणार. मी ठरवलं आहे.

११ नोव्हेंबर, सोमवार

व्यंकटला पत्र लिहिलं. हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिनांनी तक्रारीचं पत्र शिकवलं होतं. आधी नमस्कार, मग तक्रार, मग उपाय, आणि उद्गारचिन्ह कुठेही नाही. मी एकच वापरलं.

संध्याकाळी तो स्वतःच आला. माणूस तसा वाईट नाही. किल्लारीकडचा आहे, इथे बांधकामाचे ठेके घेतो, दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारी घर बांधलं. माझं पत्र घडी करून त्याच्या शर्टाच्या खिशात.

"काकू, एवढं लिव्हायचं कशाला? एक हाक मारायची की."

"मारली होती. तुझ्या कुत्र्याने ओ दिली."

तो हसला. "चोऱ्या लई व्हायल्यात बगा. आन् तुमच्या खिडकीत उजेड फुकटच येऊन राहिला. बिल तर मी भरून राहिलो."

"मग तुझा उजेड तुझ्या घरात ठेव. फुकट आलेली वस्तू मी घेत नसते."

चहा प्यायला, ह्यांच्या पाया पडला. दारात जाऊन जरा घुटमळला. "तसं न्हाई काकू, घरात म्हातारं माणूस हाय मनून..." मी म्हटलं, "आमच्याही घरात आहे." तो चपला घालून निघून गेला. फोकस तसाच.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

जाड निळे पडदे आणून लावले. खोलीत छान काळोख झाला आणि मी जिंकल्यासारखी झोपले. सकाळी बघते तर पडदे काढून, बारदानाच्या घड्या घालतात तसे काठाला काठ जुळवून बिछान्यावर ठेवलेले. "पूजेला उजेड लागतो," हे म्हणाले. रात्रीतून पूजा दोनदा झाली होती. त्यांच्या हिशोबाने दोन दिवस उलटले, म्हणून दोनदा. नेमात चूक नाही. भस्माचा गोळा मात्र भराभर झिजतो आहे.

दुपारी जेवताना त्यांनी भाकरीवर दही न घेता पाणी ओतलं आणि शांतपणे खाल्लं. झोपच नाही तर काय होणार.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज व्यंकटच्या बायकोने, उज्वलाने, मला तोंडावर मारलं. म्हणजे शब्दांनी. मी कुंपणाशी उभी राहून तिला सांगत होते, उजेड जिथे हवा तिथेच पडावा, खाली पडावा, आभाळाकडे उधळू नये, काम झालं की विझवावा. ती वाळवणातले सांडगे पालथे करत ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "काकू, एक इचारू का? मग तुमच्या फाटकावरचे ते दोन गोळे काय चंद्रासाठी लावलेत का?"

मी घरात आले.

अमरनाथच्या लग्नात फाटकाच्या दोन्ही खांबांवर काचेचे पांढरे गोळे बसवले होते. तेव्हापासून संध्याकाळी बटण दाबायचं आणि सकाळी बंद करायचं, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध. आज अंधार पडल्यावर बाहेर जाऊन पाहिलं. फाटकाची कडी दिसत नाही, पायरी दिसत नाही, पण शेजारचा नारळ शेंड्यापर्यंत उजळलेला.

उज्वलाचं तोंड फार चालतं. पण चालतं ते सरळ रेषेत, हे कबूल करायला हवं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

स्टुलावर चढून दोन्ही गोळे उतरवले. आत पाखरांचा खच होता. त्याऐवजी पायरीच्या वर, कठड्याच्या आतल्या बाजूला एक छोटा पिवळा दिवा लावून घेतला. आता पायरी दिसते. नारळाला झोपू दिलं आहे. उज्वला कुंपणापलीकडून बघत होती. मी काही बोलले नाही, तीही बोलली नाही. आमच्या दोघींच्या स्वभावात हे क्वचितच घडतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज मी जे केलं, ते लिहायलाच हवं.

परवा हे पुन्हा फाटकापर्यंत गेले. मी कुलूप घातलं होतं म्हणून वाचलो. ते कुलूप हलवत होते आणि म्हणत होते, "कुणी कोंडलं मला?" त्यांचा तो आवाज ऐकून माझा संयम संपला. आज अंधार पडल्यावर मी जुनी सोलापुरी चादर आणि जाळी काढायची लांब काठी घेऊन गच्चीवर गेले. व्यंकटची गच्ची कुंपणापलीकडे, आमच्या गच्चीपासून काठीच्या अंतरावर आहे. काठीने चादर पुढे ढकलली आणि फोकसवर अशी टाकली की उजेड गिळला गेला. काय सुंदर काळोख पडला! वरती तारे दिसले, एकदम, कोणी मूठभर फेकल्यासारखे.

आणि खालून किंकाळी आली.

माणसाची आहे हे आधी मला कळलंच नाही. व्यंकट धावत बाहेर आला, वर पाहिलं, शिडी लावली, चादर ओढून काढली. खाली ओसरीवर खाटेवर त्याची आई, साखराबाई, उठून बसली होती. दोन्ही हातांनी तोंडावरचं काहीतरी बाजूला सारत होती. तोंडावर काहीच नव्हतं.

"काकू, पेटली असती ही चादर," व्यंकट एवढंच म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी साखराबाईंकडे गेले. दोन वर्षं ही बाई शेजारी आहे. लांबून मान हलवण्यापलीकडे मी तिच्याशी बोलले नव्हते. ती ओसरीवर लसूण सोलत होती. मी माफी मागितली. तिने सरकून खाटेवर जागा केली.

"बस बाई. तुला काय ठाव." मग लसूण सोलता सोलताच तिने सांगितलं. किल्लारीच्या भूकंपाच्या रात्री गणपती बोळवून सगळे निजलेले. माळवदाचं, मातीच्या जड छपराचं घर. "माळवद अंगावर आलं. हात न्हाई हालत, पाय न्हाई हालत. वरून कुणी दगड काडला आन् उजेडाची चिरी आली, तवा कळलं मी जित्ती हाय. अंधारलं की अजून तोंडात माती येती बग."

त्या रात्री मी लातूरच्या एक्स्चेंजमध्ये ड्यूटीवर होते. जमीन हलली, आणि थोड्या वेळाने बोर्डावरचे सगळे दिवे एकदम पेटले. सगळ्या महाराष्ट्रातून माणसं विचारत होती, आमचं गाव आहे का? मी म्हणत होते, लाइन लागत नाही. त्या न लागणाऱ्या लाइनच्या दुसऱ्या टोकाला ही बाई होती.

मी विचारलं, "साखराबाई, तुम्हाला किती उजेड लागतो?"

तिने लसणाच्या पाकळ्या मांडीवर ठेवल्या आणि स्वतःचे हात पुढे धरले. "हे दिसले की बास."

"आणि मग एवढा मोठा फोकस?"

"लेकानं आणला. मी न्हाई मागितला. मी मनलं दिवा ऱ्हाऊ दे, त्यानं सूर्यच आणला."

व्यंकट दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "आये, मला कदी बोलली न्हाईस."

"तू इचारलं कुटं?"

मला हसू आलं. पोरांना कोणी विचारायला शिकवत नाही, आणायला शिकवतात. माझ्याकडे बघा, अमरनाथने नववा मजला आणून ठेवला आहे.

३० नोव्हेंबर, शनिवार

गंजगोलाईच्या बाजारात गेले होते. विजेच्या दुकानातल्या पोराला म्हटलं, अगदी लहान, पिवळा दिवा दे. तो मला पन्नास वॅटचा फोकस दाखवायला लागला. "मॅडम, आख्ख्या गल्लीत उजेड पडतो." म्हटलं, "गल्लीने मागितलाय का?" शेवटी देवघरासाठी ठेवलेला एक दिवा त्याने कुठून तरी मागून काढून दिला.

मग पत्र्याचं काम करणाऱ्या वैजनाथकडे. त्याच्याकडे तेलाचे रिकामे डबे असतात. त्यातला एक कापून मला फोकसला वरून आणि बाजूंनी झाकेल असं झाकण करून हवं होतं, म्हणजे उजेड खालीच पडेल.

"दिव्याला टोपडं?" वैजनाथ म्हणाला. "दिव्याला थंडी वाजून राहिली का काकू?"

"दिव्याला नाही, मला चीड येऊन राहिली. काप."

पहिलं टोपडं उथळ झालं. दुसऱ्याच्या कडा त्याने नीट दुमडून दिल्या.

४ डिसेंबर, बुधवार

आज काम झालं. साखराबाईंच्या खाटेच्या उशाशी छोटा पिवळा दिवा, बटण तिच्या हाताशी. तिने तीनचार वेळा लावला, विझवला, लावला. मग हात पुढे धरून पाहिले आणि म्हणाली, "दिसले." मोठा फोकस व्यंकटने मान खाली वाकवून बसवला, वर वैजनाथचं टोपडं. तेही कोणी फाटकाशी आलं तरच पेटेल आणि लगेच विझेल, अशी काहीतरी सोय त्याने स्वतःच्या डोक्याने केली. चोरांचं विचारलं तर म्हणाला, "एकदम पेटला की चोर जास्त भितंय काकू. रोजचा उजेड चोराला पन पाठ झालता."

अंगण दिसतं. आमची खिडकी काळी आहे. खरी, रात्रीसारखी काळी.

१२ डिसेंबर, गुरुवार

हे झोपतात! पहाटेपर्यंत. पूजा दिवसातून एकदाच. मी अमरनाथला फोन करून सगळं सांगितलं, फोकस, टोपडं, सगळं. तो म्हणाला, "वा आई. पण बाबा बोलतात का नीट?" म्हटलं, "नीटच बोलतात. झोप भरून निघायला वेळ लागतो."

आज त्यांनी भिंतीवरच्या अमरनाथच्या लग्नाच्या फोटोकडे बघून विचारलं, हा मुलगा कोणाचा? चष्मा बदलायला हवा. जानेवारीत बघू.

२१ डिसेंबर, शनिवार

व्यंकट येळवशीचं आवतन द्यायला आला. त्या अमावास्येला सगळं लातूर घरांना कुलपं लावून शेतात जेवायला जातं, आणि ज्याला शेत नाही त्याला कोणीतरी बोलावतंच. "आये मनली, काकू न्हाई आल्या तर मीबी जात न्हाई." अमरनाथला कळवलं, आम्ही येळवशीला किल्लारीकडे जाणार आहोत, तुझी गाडी पुण्यातच ठेव. तो म्हणाला, बघू. मी म्हटलं, बघायचं काय त्यात, मी बघितलं आहे.

गल्लीतल्या आणखी दोघांनी टोपडी मागितली आहेत. वैजनाथ आता मला सूट देतो.

३० डिसेंबर, सोमवार

आत्ताच शेतावरून परतलो. लिहून मोकळी होते.

शाळू गुडघ्याच्या वर आलेला, हरभरा घाट्यांनी भरलेला. मधोमध कडब्याची कोप, कोपीत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव. उज्वलाने पूजा केली. भज्जी, उंडे, खिचडा, मडक्यात आंबील. हे पोटभर जेवले. मग व्यंकटच्या गेल्या साली साठवलेल्या ज्वारीचा एक दाणा दाताखाली फोडून म्हणाले, "ओल राहिलीय, अजून ऊन दे." व्यंकटने कान पकडले. मला वाटलं, बोलवा त्या डॉक्टरला, दाखवते.

ऊन डोक्यावर आलं होतं. भर दुपार, आभाळात ढग नाही, सगळं रान पांढरं झालेलं. हे माझ्याशेजारी सतरंजीवर बसले होते. माझ्याकडे वळले आणि फार अदबीने म्हणाले, "ताई, तुम्ही कोणाकडच्या?"

मी म्हटलं, "अहो..."

"राग मानू नका. पण मला निघायला पाहिजे. घरी आमची रुद्राणी एकटीच असते."

मी वर पाहिलं. काय शोधत होते मी? विझवायला काहीतरी. वर सूर्य होता.

व्यंकट उठून उगाच बैलाकडे गेला. उज्वलाने भांडी गोळा करायला घेतली. साखराबाईने आंबिलीचा पेला माझ्या हातात दिला आणि माझ्याजवळ बसली. मग म्हणाली, "घरला जायचं मनायलाय की बाई. तुज्याकडंच जायचं मनायलाय."

म्हणजे पाणी ओतलेली भाकरी. म्हणजे फोटो. मी सगळं लिहून ठेवलं होतं की, ह्याच वहीत, माझ्याच अक्षरात. आणि प्रत्येक वेळी फोकसकडे, झोपेकडे, चष्म्याकडे बोट दाखवलं होतं.

मी त्यांना म्हटलं, "चला, मी तुम्हाला रुद्राणीकडे पोचवते." ते लगेच उठले. गाडीत माझा हात धरून बसले. पोचवणाऱ्या बाईचा.

३१ डिसेंबर, मंगळवार

रात्री मला झोप नव्हती, त्यामुळे त्यांची पावलं जमिनीला टेकलेली ऐकली. अमावास्येची रात्र, गल्ली सगळी काळी. ते खाटेच्या कडेवर बसून खिडकीकडे बघत होते. मग विचारलं, "उजाडलं का?"

"नाही अजून."

ते आडवे झाले. वाद नाही, अंघोळ नाही, कुलूप हलवणं नाही. पुन्हा एकदा उठले, पुन्हा विचारलं, पुन्हा मी तेच सांगितलं, आणि त्यांनी पुन्हा विश्वास ठेवला. महिन्यापूर्वी मी हेच खरं सांगत होते आणि खिडकी मला खोटं पाडत होती. एवढंच मिळालं आहे टोपड्याने. हे थोडं नाही. ते मी कोणाला परत देणार नाही, गल्लीतलं एकही टोपडं उतरू देणार नाही.

सकाळी अमरनाथला फोन लावला. म्हटलं, "ऐक. मधे बोलू नकोस. तुझ्या बाबांना जे झालंय ते उजेडाने झालेलं नाही. मला कळायला उशीर झाला. पण पुण्याचा उजेड तर रात्रभर विझत नाही, आणि इथे मी आमची रात्र हाताने बनवली आहे. आम्ही येणार नाही. गाडी घेऊन तूच ये, चार दिवस राहा. दिवसा सोबतीला कोण ठेवायचं, फाटक कसं करायचं, दोघं मिळून ठरवू."

पलीकडे त्याने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "आई, तुला काय हवंय ते मी विचारलंच नाही."

"विचार आता."

डॉक्टरकडे अकराची वेळ घेतली आहे. सगळ्या तपासण्या करायच्या, जे सांगतील ते ऐकायचं. भाच्याएवढा असला तरी.

खिडकीत ऊन आलं आहे. ह्यांची अंघोळ झाली, पूजा झाली, एकदाच. सदरा घालून दारात उभे आहेत, मोंढ्यात सौद्याला उशीर होतोय म्हणतात. दवाखाना मोंढ्याच्या वाटेवरच आहे. मी चपला घालते आहे.